चि. नीलेशला, मॉर्फिन कमी का केले याविषयी

म्हार्दोळ, गोवा

चि. नीलेश यास अनेक आशीर्वाद.

परवा तू पुण्याहून फोन करून भूलतज्ज्ञ बाईंना आवाज चढवून विचारलेस की, बाबा कळवळत असताना मॉर्फिन कमी का केले. तुझा जीव तुटत होता हे मला कळते. परंतु चूक तुझी होती आणि त्याहून मोठी माझी, कारण पाठदुखीसाठी दोन वर्षे रोज ट्रामाडॉल हे मॉर्फिनसारखेच अफूवर्गीय वेदनाशामक घेत असल्याचे मी मणक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना सांगितलेच नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर टाके ठणकणार, हे मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी टाक्यांपासून दूर, पार मांड्यांपर्यंत कातडी अशी हुळहुळी झाली की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, आणि मॉर्फिन वाढवले की दुखणे अधिकच पसरे. शरीराला औषधाची नुसती सवय झाली असती, तर वाढीव मात्रेने आराम पडला असता. येथे उलटेच घडत होते. रक्तस्राव नाही, जंतुसंसर्ग नाही, याची खात्री करून घेतल्यावरच बाईंनी अफूवर्गीय औषधांवर संशय घेतला.

ही औषधे वेदना दाबतात, त्याच वेळी काही रुग्णांत मज्जारज्जूमधील एनएमडीए ग्राहकांना, म्हणजे चेतापेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चेतवतात, आणि मग साधा स्पर्शही मेंदूपर्यंत कळ होऊन पोहोचतो. शस्त्रक्रियेत रेमिफेंटानिल हे याच वर्गातले औषध मोठ्या मात्रेत दिल्यास हे विशेष दिसते. ते औषध काही मिनिटांत शरीरात विरते, वाढलेली वेदना मात्र मागे उरते. (मॉर्फिनच्या इंजेक्शनांनी दुखणे उलट वाढते की काय, ही शंका क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी 1870 मध्येच मांडली होती.) म्हणून बाईंनी मॉर्फिन एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवले, पॅरासिटामॉल ठरल्या वेळी चालू ठेवले आणि तेच ग्राहक अडवणारे केटामाइन अगदी अल्प मात्रेत दिले. चौथ्या रात्री मी चादर अंगावर घेऊन झोपलो.

पुढच्या महिन्यात तुझ्या खांद्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ‘सगळ्यांत जालीम औषध द्या’ असे तू आताच बजावून ठेवले आहेस, असे आई म्हणते. तसे करू नकोस. सध्या कोणत्या गोळ्या घेतोस ते लिहून ने, आणि खांद्याची नस बधिर करून भागेल का, हे विचार. बाईंची मी क्षमा मागितली आहे. तूही एकदा फोन कर.

तुझे बाबा