सोरेनस्टॅमची बातमी अर्धीच का सांगता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिलांनी पुरुषांच्या स्पर्धेत खेळण्याचा विषय निघाला की स्वीडनची गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टॅम आठवते आणि लगेच ऐकायला मिळते, ‘तिचा तर कट हुकला होता’, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ती स्पर्धेबाहेर गेली होती. हुकला होता, हे खरेच. पण एवढेच सांगणे तिच्यावर अन्याय आहे.

मे २००३. टेक्सासमधील कलोनियल स्पर्धा. १९४५ मध्ये अमेरिकेची बेब झहारियास खेळली, त्यानंतर पीजीए टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत, उतरलेली ही पहिलीच महिला. तिने इथे खेळूच नये, असे फिजीचे गोल्फपटू विजय सिंग उघड बोलले होते. जगभरचे कॅमेरे तिच्यावर रोखलेले असताना पहिल्या फेरीत तिने ७१ फटके घेतले, पारपेक्षा, म्हणजे फेरीसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, फक्त एक जास्त (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले). दुसऱ्या फेरीत ७४ झाले आणि चार फटक्यांनी ती बाहेर पडली.

पुढच्याच आठवड्यात एलपीजीए या महिलांच्या टूरवर परतून तिने विजेतेपद मिळवले. त्याच्या पुढच्या आठवड्यात एलपीजीए चॅम्पियनशिप, ऑगस्टमध्ये ब्रिटिश ओपन. कारकिर्दीतील ग्रँड स्लॅम, म्हणजे सर्व मेजर (सर्वांत मानाच्या) स्पर्धा किमान एकदा जिंकणे, तिने पूर्ण केले ते त्याच वर्षी! हे मात्र कुणी सांगत नाही.

लहानपणी ही मुलगी इतकी बुजरी होती की विजेतीला भाषण करावे लागते म्हणून शेवटी मुद्दाम पट (चेंडू खळग्यात ढकलण्याचा हलका फटका) चुकवून दुसरी यायची. मग प्रशिक्षकांनी दुसरीलाही बोलायला लावले, तेव्हा ती जिंकू लागली. तीच मुलगी कलोनियलला त्या गर्दीसमोर उभी राहिली, याचे मला फार मोल वाटते. त्याआधी, मार्च २००१ मध्ये, अमेरिकेतील फिनिक्सला तिने तेरा बर्डींसह (बर्डी म्हणजे एखाद्या खळग्यासाठी पारपेक्षा एक फटका कमी) ५९ फटक्यांत फेरी संपवली होती. एलपीजीएवर साठच्या आत येणारी ती पहिलीच. तिथे तिची एकूण ७२ विजेतेपदे, त्यांत दहा मेजर. २००८ मध्येही तीन स्पर्धा जिंकून वयाच्या ३८व्या वर्षी ती थांबली.

आपल्याकडे टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक एका फटक्याने हुकले, तेव्हा चार दिवस सगळे गोल्फ बोलत होते. त्यानंतर ती कुठे खेळते, कितवी येते, हे शोधावे लागते. आपल्या क्रीडा पानावर आठवड्यातून एकदा तरी महिला गोल्फचे निकाल छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे