टॅबवरच्या चाचणीला जाण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, पक्षाघाताच्या झटक्यानंतरची, पुढच्या आठवड्यातली तुमची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, विचार यांची तपासणी) कागदावर नव्हे तर टॅबवर घेतली जाणार, हे कळल्यापासून तुम्ही धास्तावला आहात, असे आईने फोनवर सांगितले. ‘माझे डोके ठिकाणावर आहे की नाही, हे आता यंत्र ठरवणार का?’ हा तुमचा प्रश्न रागाच्या भरात आलेला असला तरी रास्त आहे, आणि अशा चाचण्या घेणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे त्याचे सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे. यंत्र मोजमाप करील, काही बाबतींत माझ्यापेक्षाही बारकाईने करील. त्या मोजमापाचा अर्थ लावायला मात्र माणूसच लागतो.

घड्याळ काढण्याची चाचणीच पाहा. तबकडी काढायची, आकडे लिहायचे आणि सांगितलेल्या वेळेचे काटे दाखवायचे. (कोणती वेळ सांगतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही.) कागदावर शेवटी हाती राहते ते तयार चित्र, डिजिटल पेनने काढताना मात्र पेन कुठे थांबले, किती वेळ थांबले, आकडे कोणत्या क्रमाने उमटले, हे सारे सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदले जाते. दोघांची घड्याळे अगदी सारखी दिसली, तरी एकाने काटे सरळ काढून टाकलेले असतात आणि दुसरा पहिल्या काट्याआधी बराच वेळ पेन उचलून बसलेला असतो. तो थांबा मला गुणांपेक्षा अधिक सांगून जातो. पण तो विचारात पडल्यामुळे आला, हात थरथरल्यामुळे आला, की चष्मा घरी राहिल्यामुळे, हे पेनाला कळत नाही.

म्हणून चष्मा आणि श्रवणयंत्र आठवणीने न्या, औषधे नेहमीच्या वेळी घ्या आणि टॅबची सवय नाही हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे सरावाच्या एक-दोन फेऱ्या जास्त मिळतील. बोट कुठे टेकवायचे या गोंधळात गेलेला वेळ स्मरणशक्तीच्या खात्यावर जमा व्हायला नको. गुणांची तुलनाही तुमच्याच वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांशी व्हायला हवी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्मरणशक्ती आणि विचारशक्ती झटपट तपासणाऱ्या ३० गुणांच्या ‘मोका’ चाचणीत १२ वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात, तो याचसाठी. शिवाय कमी गुण म्हणजे निदान नव्हे. नैराश्य, थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ ची कमतरता यांनीही गुण घसरतात.

आई, तू त्यांच्याकडून सराव करून घेऊ नकोस, ही कळकळीची विनंती. पाठ करून दिलेल्या चाचणीतून पक्षाघाताच्या झटक्याने नेमके काय दुखावले ते कळत नाही, आणि ते कळले नाही तर पुढचे पुनर्वसन अंदाजाने चालते.

आता ‘मेंदूच्या व्यायामा’च्या त्या अ‍ॅपविषयी, ज्याची वर्षाची वर्गणी भरावी असे तुम्हाला कोणीतरी सुचवले आहे. माझे मत स्पष्ट आहे, भरू नका. २०१० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे असे ऑनलाइन खेळ खेळले, ते त्या खेळांत तरबेज झाले, परंतु ज्या कामांचा सराव केला नव्हता त्यांत त्याचा फायदा दिसला नाही. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवल्यावर ‘लुमॉसिटी’ या अशाच मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. संगणकावरचा प्रत्येक सराव निरुपयोगी असतो, असे मी म्हणत नाही. तज्ज्ञाने ठरवून दिलेला, लक्ष किंवा विचारांचा वेग यांवरचा सराव जरूर करा. करमणूक म्हणून खेळायलाही माझी हरकत नाही.

तुमची खरी अडचण रक्तदाबाची गोळी राहून जाण्याची आहे, आणि तिच्यावरचा उपाय तुमच्या खिशातच आहे. ब्रिटनमध्ये मानसतज्ज्ञ बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली १४३ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झालेल्या किंवा विस्मरण होणाऱ्या या लोकांच्या कमरेच्या पेजरवर (छोटे संदेश दाखवणाऱ्या यंत्रावर) ठरल्या वेळी आठवणीचा संदेश जाई. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामे पूर्वीपेक्षा लक्षणीय प्रमाणात पार पडू लागली. त्यासाठी स्मरणशक्ती सुधारावी लागली नाही. आठवण ठेवण्याचे काम पेजरने उचलले होते. आज तेच काम फोन करतो. फक्त संदेश नेमका हवा: नुसते ‘गोळी’ असे न लिहिता ‘रक्तदाबाची गोळी, निळ्या डबीतली, आत्ता’ असे लिहा, आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत गजर बंद करू नका. गजर आधी बंद करून मग डबी शोधायला निघालेला माणूस वाटेतच गोळी विसरतो, हे मी नेहमी पाहते.

आई, गजर वाजूनही काम राहिले तर ती वेळ आणि त्यावेळी बाबा काय करत होते, एवढे वहीत टिपून ठेव. चाचणीच्या दिवशी ती वही सोबत ने आणि तिथल्या मानसतज्ज्ञांना दाखव. टॅबवरच्या आकड्यांइतकीच ती त्यांच्या उपयोगी पडेल.

कळावे,

तुमची लेक