यीस्टच्या जीनला घाबरायचं तर नीट घाबरा

संपादक साहेब, नमस्कार,

जीन बदललेल्या यीस्टच्या बीअरवरचा तुमचा लेख वाचला. 'प्रयोगशाळेतली बीअर' असा मथळा टाकलात म्हणजे अर्धे वाचक तिथेच बिचकले असणार. अहो, बीअरचं यीस्ट लॅबमध्ये 1883 सालीच पोचलं, डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बीअर कंपनीच्या लॅबमध्ये एमिल हान्सेन या शास्त्रज्ञाने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं तेव्हा. आणि लेगर या बीअरच्या प्रकाराचं यीस्ट तर मुळातच दोन जातींचा संकर, तोही आपोआप झालेला.

लेखात सगळा भर हॉप्सवर, म्हणजे बीअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांवर. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी 2018 मध्ये पुदिना आणि बेसिलचे जीन घालून यीस्टकडूनच हॉप्सचा वास काढून घेतला हे भारीच आहे, पण कडवटपणा काही त्याने येत नाही. मला जास्त कामाचं वाटतं ते डायअसेटिलचं. यीस्टच्या पेशीतून एक रसायन बाहेर झिरपतं, त्याचं हळूहळू डायअसेटिल होतं, बीअरला लोण्यासारखा वास मारतो, आणि मग यीस्ट ते परत ओढून घेईपर्यंत टाकी अडवून बसायचं. जिवाणूचा एक जीन यीस्टमध्ये घातला की यीस्ट एक एन्झाइम बनवतं, आणि ते रसायन डायअसेटिल व्हायच्या आधीच बिनवासाच्या वाटेला लागतं न् टाकी लवकर मोकळी होते. तेच एन्झाइम आत्ताही बाहेरून टाकतात, त्यावर कुणी मथळे करत नाही!

धोका काहीच नाही असं नाही म्हणत मी. ब्रिटनने 1994 मध्ये ज्या यीस्टला परवानगी दिली त्यात, बीअरचं नेहमीचं यीस्ट पचवत नाही ती साखर फोडणारा जीन होता, जवळच्याच भाईबंद यीस्टचा. कमी कॅलरीच्या बीअरसाठी ठीक, पण असलं यीस्ट चुकून दुसऱ्या टाकीत शिरलं तर उरलेली साखर बाटलीत गेल्यावरही खात बसतं, गॅस वाढतो आणि बाटली फुटू शकते. ते यीस्ट बाजारात आलंच नाही, लोक काय म्हणतील याचीच धास्ती जास्त.

म्हणून बीअरवाल्यांनी लेबलवर लिहावंच. 'यीस्ट गाळून टाकतो, मग सांगायचं कशाला' हे मला पटत नाही, न गाळलेली बीअर पण विकली जातेच ना, आणि उरलेलं यीस्ट गुरांच्या खाद्यात जातं तिथे काय सांगणार? कुठला जीन, कशासाठी, दोन ओळी पुरतात. तुमच्या लेखात तेवढंही नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक