दिल्ली दोन तासांवर, ओझर मात्र लांब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जायला साधारण दोन तास लागतात. हवाई अंतर जवळपास १,००० किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने ते सव्वा तासात कापलं जाईल, असं वाटतं. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, दिल्लीजवळ उतरण्यासाठी नंबर लागणं, सगळं त्यात धरलेलं असतं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते घरापासून ओझरपर्यंतच्या वाटेबद्दल.

गेल्या महिन्यात आईला भावाकडे दिल्लीला पाठवायचं होतं. सातपूरहून तीन रिक्षावाल्यांना विचारलं, तिघंही नाही म्हणाले. येताना रिकामं यावं लागतं, हे त्यांचं कारणही खोटं नाही. शेवटी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. द्वारका चौकात पाऊण तास अडकलो. आईच्या मांडीवर लाडवांचा डबा. त्याच्या झाकणावर बोटं वाजवत ती दर दोन मिनिटांनी एकच विचारत होती, "पोचू ना रे?" सामानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. आम्ही पोचलो तेव्हा सात मिनिटं उरली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सामानासकट असं पळवायला लागणं मला फार लागलं.

महामार्ग सोडून विमानतळाकडे वळायचं ते दहाव्या मैलापाशी. त्या जागेच्या नावातच अंतर आहे. दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. पुढे जानोरीच्या बाजूला थोडंसं. एवढ्याशा अंतरासाठी आम्ही इतका वेळ घालवतो. मग मुंबईहून जावं म्हटलं, तर कसारा घाट उतरून १६५ किलोमीटर नैर्ऋत्येला जायचं आणि तिथून उत्तरेला ११०० किलोमीटरहून जास्त उडायचं! हे नाशिककरांनी वर्षानुवर्षं केलं. आता घराजवळ विमान असताना पुन्हा तेच का करावं?

मागणी साधी आहे. नाशिकरोड स्थानक, द्वारका आणि आडगाव नाका अशी एक बस विमानांच्या वेळा धरून सोडावी. उड्डाणाच्या दोन तास आधी ती विमानतळावर पोचलेली असावी. उतरलेल्या प्रवाशांसाठी तीच बस परत यावी, आणि विमानाला उशीर झाला तर तिने थांबावं. सामान ठेवायला जागा हवी, पायरी बुटकी हवी. सिंहस्थाला देशभरातून भाविक येतील, त्यांच्यासाठी व्यवस्था होईलच. पण आमच्या घरची म्हातारी माणसं आजच प्रवास करताहेत.

आपल्या अंकात विमानांच्या वेळा छापता तेव्हा शेजारी "द्वारकेहून किती वाजता निघावं" हेही छापावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सातपूर, नाशिक