रात्रपाळीच्या सिस्टरना, झोपेच्या चार्टबद्दल

प्रिय सिस्टर, आणि तुमच्याबरोबर रात्र जागणाऱ्या मावशी आणि मामा,

मुंबईतल्या मानसोपचार वॉर्डांत आम्ही डॉक्टर सकाळी राउंडला येतो, तेव्हा रुग्णाची रात्र आम्हाला फक्त कागदावर भेटते. दर तासाची एक खूण आणि शेजारी तुमच्या अक्षरातल्या दोन ओळी. हे आभार त्या दोन ओळींचे.

नुसत्या "झोप नाही" या शेऱ्यावरून आजार ओळखता येत नाही. नैराश्यात माणूस दहाला झोपतो, साडेतीनला टक्क जागा होतो आणि मग काही केल्या डोळा लागत नाही. मनही पहाटेच सगळ्यात जड असतं. चिंतेच्या आजारात बहुधा उलटं: अंथरुणावर पडल्यावर तासन्तास तळमळ. उन्मादात तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलका, अख्ख्या वॉर्डाला उठवायला निघालेला. त्याला झोपेची गरजच वाटत नाही. तासांची बेरीज तिघांची सारखी येऊ शकते. "३ तास झोपला, थकवा नाही, मोठ्यानं गातोय" असं तुम्ही लिहिता, त्यावरून नैराश्य समजलेला आजार द्विध्रुवी, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद आणणारा, असल्याची शंका येते. तेव्हा नैराश्याची गोळी एकटीच चालू ठेवली तर उन्माद भडकू शकतो.

सगळ्यात मोठं ऋण येरझाऱ्यांच्या नोंदीचं. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही भास-भ्रमांवरची औषधं सुरू केल्यावर, डोस वाढवल्यावर, काही दिवसांत रुग्ण रात्री उठतो, चालतो, बसतो, लगेच पुन्हा उठतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं आजार वाढला, डोस वाढवावा. तिथेच चूक होते. ही अकॅथिसिया, औषधानंच अंगात आलेली अस्वस्थता, आणि डोस वाढवला की तीही वाढते. तुम्ही शांतपणे विचारता, "विचारांमुळे फिरताय, की पाय स्वस्थ बसू देत नाहीत?" उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिता. मग आम्ही डोस उतरवतो किंवा औषध बदलतो; दमा नसेल आणि नाडी मंद नसेल तर प्रोप्रॅनोलॉल देतो. या तळमळीत माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करू शकतो, म्हणून ही नोंद सकाळची वाट न पाहता तुम्ही फोनवर कळवता, ते फार मोलाचं.

ओलान्झापिन, क्लोझापिन या त्याच गटातल्या औषधांवर वजन वाढलेल्या रुग्णाचं घोरणं मध्येच थांबतं आणि दहा सेकंदांहून जास्त वेळ श्वास नसतो, हेही तुम्हीच टिपता. अशाला लोराझेपामसारखी झोपेची गोळी धोक्याची. लिथियमवरचा, म्हणजे द्विध्रुवी आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरचा, रुग्ण रात्रीत चार वेळा लघवीला उठला आणि सारखं पाणी पीत होता, एवढं वाचलं की आम्ही रक्तातली लिथियमची पातळी आणि मूत्रपिंडाची तपासणी लावतो. दारू अचानक बंद झालेल्याची दुसरी-तिसरी रात्र तर तुमच्याच भरवशावर: थरथर, घाम, भिंतीवर दिसणारे किडे. तो निद्रानाश नव्हे, तातडीचा प्रसंग आहे.

हे टिपण्याची तुमची रीतही नीट शिकण्यासारखी आहे. टॉर्च तोंडावर नाही, जमिनीकडे. मिटलेल्या डोळ्यांवर भरवसा न ठेवता छातीची संथ लय थोडा वेळ पाहायची, मगच खूण. चार्टवर पाच तास असताना रुग्ण "डोळ्याला डोळा लागला नाही" म्हणतो, तेव्हा तुम्ही त्याला खोटं पाडत नाही, दोन्ही लिहिता. झोप उथळ आणि तुटक असेल तर माणसाला ती जागच वाटते.

आणि पाणी! भरतीच्या वेळी "पहाटे आपोआप जाग येते, की नळाला पाणी येतं म्हणून उठता?" हा प्रश्न तुम्ही विचारता. या शहरात तो न विचारता पहाटेच्या जागेला नैराश्याचं लक्षण म्हणणं चूकच.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना तुम्ही जे सांगता, तेही आमच्या घाईच्या सूचनांपेक्षा जास्त टिकतं. उठण्याची वेळ रोज एकच. दुपारनंतर चहा नाही, कारण त्यातलं अर्धं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. एकाच खोलीत सगळे असतील तर रुग्णाचं अंथरूण टीव्हीपासून लांबच्या कोपऱ्यात. द्विध्रुवी आजार असेल तर गणपतीत मंडळाची रात्रभराची ड्यूटी नको. आणि सलग दोन रात्री झोप घटली, तरी थकवा नाही, असं दिसलं तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता घेऊन या. त्यासाठी वहीत तासांच्या खुणा कशा करायच्या, हेसुद्धा तुम्ही त्यांना रेघा मारून दाखवता.

मनापासून आभार.

तुमचेच,
दिवसपाळीचे डॉक्टर