बुरूड आळीतल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

आईनं घरी केलेला आकाशकंदील वसुबारसेपासून आमच्या गॅलरीत लागला आहे. येणारे-जाणारे मान वर करून बघतात, शेजारणी कुठून आणला म्हणून विचारतात. आई सांगते, मी केला. मी सांगते, बुरूड आळीतल्या मावशींमुळे झाला. ते तुम्हालाही कळावं आणि चारचौघांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही कदाचित विसरलाही असाल. दिवाळीच्या तोंडावर तुमच्याकडे केवढी गर्दी असते! आम्हाला सांगाड्यासाठी बांबूच्या 24 कामट्या हव्या होत्या, वीतभर लांबीच्या, सगळ्या सारख्या. तुम्ही मोजून मोळी बांधलीत, पैसे घेतलेत आणि आईनं ती मोळी कशी धरली ते पाहिलंत. "आजींच्या या हाताला कळत नाही का हो?" एवढंच विचारलंत. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या उजव्या हातात जोर बऱ्यापैकी आला, पण बोटांना स्पर्श कळत नाही. टोचलं, कापलं, पोळलं, सगळं डोळ्यांनी बघेल तेव्हाच समजतं. हे आम्ही कुणाकुणाला किती वेळा समजावून सांगितलं असेल! तुम्हाला न सांगता दिसलं.

तुम्ही मोळी परत मागून घेतलीत आणि दोरी सोडलीत. बांबूच्या पाठीकडची कड पात्यासारखी धारदार असते. तुम्ही एकेक कामटी गुडघ्यावर आडवी धरून दोन्ही कडांवरून सुरी फिरवलीत, टोकं बोथट केलीत, आणि प्रत्येक कामटी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून पाहिलीत. जरा जरी खरखरली तरी पुन्हा सुरी. एक चिरफाळलेली निघाली ती बाजूला टाकून दुसरी तासलीत. मागचे गृहस्थ घाई करायला लागले तेव्हा त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "आजींचं होऊ द्या." आणि सगळं झाल्यावर मोळी माझ्याकडे दिली नाहीत. आईच्या हातात दिलीत, तिच्या त्याच उजव्या हातात, आणि तिची बोटं मिटेपर्यंत तुमचा हात खाली धरून ठेवलात.

मावशी, मला रडू आलं ते त्यासाठी. आजारपणापासून लोक आईशी बोलतच नाहीत. ती समोर बसलेली असते आणि मला विचारतात, "यांना काय हवंय?" तुमच्याकडे येण्याआधी एका हस्तकलेच्या वर्गात तिचं नाव घातलं होतं. घरासाठी, टेबलासाठी शोभेच्या वस्तू, अगदी सोप्या, कुणालाही जमतील अशा, असं जाहिरातीत होतं. फी आगाऊ घेतली. पहिल्याच दिवशी तिला कागदाची घडी घालायला वेळ लागला, तर बाई तिच्यादेखत मला म्हणाल्या, "आजींना झेपायचं नाही, बाकीच्यांचा खोळंबा होतो." फी परत मिळाली नाही, त्याचं एवढं वाईट वाटत नाही. त्या दिवसानंतर आईनं कात्रीला हात लावायचं सोडलं, याचा राग अजून गेलेला नाही. नातेवाइकांनीही "आता कशाला हे उद्योग, आराम करा" म्हणून तिला गप्पच केलं.

आणि ही माझी आई वाड्यात वाढलेली! आजोबांबरोबर दरवर्षी कंदील करायची. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधत गेलं की मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, हे तिला पाठ होतं. घोटीव कागद कोणता, कागदाच्या करंज्या कशा कापायच्या, झिरमिळ्या किती लांब, सगळं तिच्या डोक्यात होतं. गाठी मी मारल्या, पण कुठे मारायच्या ते ती सांगत होती. कागद चिकटवायची खळ तिनं स्वतः लावली. पूर्वी खळीत झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालायचे. ते घालू नका, विषारी असतं, हात तोंडाला लागतो, हेही तुम्हीच बजावलं होतंत. एकाही बोटाला कुसळ लागलं नाही.

2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली तेव्हापासून सगळे बांबू आणि कागदाचं कौतुक करतात. करावंच. पण चकचकीत खोक्यातलं तयार सामान सांगेल त्या किमतीला घेणारी माणसं तुमच्याकडे येऊन सुपाचे दहा रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालताना मी त्याच दिवशी पाहिली. तुम्ही आमच्यासाठी एवढा वेळ मोडलात आणि वरच्या मेहनतीचा एक रुपया घेतला नाहीत. चांगुलपणा अजून शिल्लक आहे असं लोक म्हणतात, तेव्हा मला तुमचं ते मनगट आठवतं. त्यावर बारीक पांढरे ओरखडे उठले होते. माझ्या आईला लागू नये म्हणून तुम्ही ते स्वतःला लावून घेतलेत.

आईच्या टेबलावर औषधांचे डबे असायचे, ते आता कपाटात गेले. तिथे कागद, कात्री आणि खळीची वाटी आली आहे. टेबलदिव्यावर बसेल असा छोटा कंदील करायला घेतलाय. मुलांच्या पेनांसाठी तिला बांबूचं जाड पेर हवंय, तळाला गाठ ठेवून कापलेलं, काठ तुमच्या हातानं घासलेले. तुळशीचं लग्न झालं की तिला घेऊन येते. काय हवं ते तीच सांगेल, आणि या वेळी मेहनतीचे पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
त्या आजींची मुलगी