चांदी नव्हे, उल्का!

संपादक साहेब, रविवारी सेवउसळ खाताना भाचा म्हणाला की उल्का म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, म्हणून हे पत्र. चिलीच्या आटाकामा वाळवंटात १८६१ साली वाका मुएर्ता नावाची उल्का सापडली, नावाचा अर्थ चक्क 'मेलेली गाय', आणि खाणी शोधणाऱ्यांना तिची चमक बघून वाटलं चांदीच लागली! निघालं निकेल मिसळलेलं लोखंड आणि जवळपास तेवढाच दगड, त्यात पायरॉक्सीन अन् प्लॅजिओक्लेज, म्हणजे आपल्या पावागढच्या बसाल्टात असतात तीच खनिजं. अशा दगड-लोखंडी उल्का शंभरात दोनसुद्धा नसतात. तिथे पाऊसच नाही म्हणून गंज हळू चढतो, इथे आमचं गेट एका पावसाळ्यात गेलं.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा